मीटरवर ९८, तरी बाबा उठेनात: श्वासाचा लगाम कुणाच्या हाती असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, चाळीस वर्षं विडी ओढलेली, आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन फुप्फुसं झिजत जाण्याचा आजार. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. डॉक्टरांनी ते १ लीटरवर ठेवायला सांगितलं होतं आणि बोटाला लावायच्या मीटरवर ८८ ते ९२ आलं तरी पुरे, असं बजावलं होतं. एका रात्री मीटर ८६ दाखवायला लागलं. मुलाने घाबरून मशीन ५ लीटरवर नेलं. मीटर ९८ वर गेलं, बाबा शांत झोपले, घरच्यांना हायसं वाटलं. सकाळी मात्र हाका मारून बाबा उठेनात. उठले तेही बरळत, हात थरथरत होते. दवाखान्यात बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावल्यावर दुपारपर्यंत शुद्धीवर आले. मुलगा विचारतो, "ऑक्सिजन जास्त मिळाला तर माणूस बिघडेल कसा? श्वास आपण ऑक्सिजनसाठीच घेतो ना?"

आधी एक सांगते. तुमच्या हातून जे झालं ते काळजीपोटी झालं, आणि तुमच्या जागी असलेल्या दहापैकी नऊ जणांनी तेच केलं असतं. चूक तुमच्यापेक्षा आम्हा डॉक्टरांची जास्त आहे. "८८ ते ९२" हा आकडा आम्ही सांगतो, पण त्यामागचं कारण सांगायला थांबत नाही. ते कारण आज नीट सांगते.

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं माझं रोजचं काम म्हणजे माणसाचा श्वास काढून घेणं, दोन-तीन तास तो आपल्या हाताने चालवणं आणि मग ज्याचा त्याला परत देणं. परत देताना काय होतं, ते पाहिलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

शिकत होते तेव्हाची गोष्ट. पित्ताशयाचं ऑपरेशन संपलं होतं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उतारा देऊन झाला होता, भुलीचा वायू बंद केला होता, पेशंटचं ऑक्सिजन पूर्ण १०० होतं. पण तो श्वास घेईना. मी घाबरून त्याच्या फुप्फुसांत हवा भरणारी हातातली बॅग आणखी जोराने, आणखी भराभर दाबायला लागले. आमच्या मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तूच त्याला श्वास घेऊ देत नाहीयेस. हळू कर." मिनिटाला चार-पाच वेळाच, तीही हलकेच बॅग दाबायची, एवढंच त्यांनी करायला लावलं. फुप्फुसं ऑक्सिजनने भरलेली होती, त्यामुळे धोका नव्हता. तीन-चार मिनिटं गेली. मग बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात एक बारीकशी उचल दिसली. पुन्हा एक. मग तो स्वतःच्या श्वासावर आला.

मी काय करत होते? बॅग दाबदाबून त्याच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन काढत होते. आणि श्वास घ्यायची आज्ञा त्या कार्बन डायऑक्साइडमुळेच सुटते. तो साठू दिला, तेव्हा मेंदू जागा झाला. ऑक्सिजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत १०० च होता. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

चुलीचं उदाहरण घ्या. चुलीला वारा पुरत नाही हे घरातल्या माणसाला कशावरून कळतं? वारा काही डोळ्यांना दिसत नाही. डोळे चुरचुरतात ते धुराने. शरीराचंही तसंच आहे. पेशींमध्ये जे जळण जळतं, त्याचा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड. मेंदू सगळ्यात बारकाईने लक्ष ठेवतो तो या धुरावर.

किती बारकाईने, ते आकड्यांत सांगते. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा एवढा असतो, साधारण ४०. आपण जागे असताना, जेवताना, जिना चढताना हा आकडा फारसा हलत नाही. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-सात लीटर हवा आत-बाहेर करतो. हा दाब एका मिलिमीटरने वाढला, तरी मिनिटाची हवा दोन-तीन लीटरने वाढते. म्हणजे ४० चे ४५ झाले की माणूस धापा टाकू लागतो. उलट, धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब ९५ वरून ७० पर्यंत उतरला तरी श्वासात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. ६० च्या खाली गेल्यावर ऑक्सिजनचा पहारेकरी खडबडून उठतो. मीटरच्या भाषेत ते साधारण ९० च्या आसपास येतं.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं ऑक्सफर्डच्या जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी, १९०५ साली. हाल्डेन खाणकामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास करणारा माणूस होता. वायूंचे बरेचसे प्रयोग त्याने स्वतःवरच केले. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगराच्या माथ्यावर आणि कॉर्नवॉलमधल्या एका खोल खाणीत त्यांनी उच्छ्वासाच्या शेवटच्या हवेचे नमुने घेतले. हवेचा दाब दोन्हीकडे वेगळा, ऑक्सिजन वेगळा, पण वायुकोशातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळजवळ एकच. शरीर जीव तोडून जपतं ते हा आकडा, असं त्यांनी मांडलं. माझ्या क्षेत्रातलं इतकं साधं आणि इतकं टिकलेलं दुसरं काम मला चटकन आठवत नाही.

आता यंत्रणा बघू. मानेच्या वर, कवटी सुरू होते तिथे मेंदूचा जो देठ असतो, त्याच्या खालच्या भागाला शाळेच्या पुस्तकात मस्तिष्कपुच्छ म्हणतात. १८११-१२ च्या सुमारास लगाल्वा या फ्रेंच डॉक्टरने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं, की मेंदूचा वरचा भाग काढला तरी श्वास चालू राहतो, पण या देठातल्या एका छोट्या जागी इजा झाली की तो तिथल्या तिथे थांबतो. त्या जागेत नेमकं कोण बसलंय, हे कळायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. १९९१ मध्ये स्मिथ, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जापेशींचा एक छोटा पुंजका दाखवला. तो बाहेर काढून बशीत ठेवला, तरी ठेका धरून राहतो. त्याचं नाव प्री-बॉटझिंगर. बॉटझिंगन हे जर्मनीतलं द्राक्षमळ्यांचं गाव, आणि शेजारच्या भागाला तिथल्या वाइनवरून नाव पडलं होतं. तुमच्या-माझ्या श्वासाचा ताल तिथून निघतो, दिवसाला वीसेक हजार वेळा.

हा पुंजका तबलजीसारखा आहे. ठेका त्याचा, पण लय किती ठेवायची हे दुसरे सांगतात. मुख्य सांगणारे मस्तिष्कपुच्छाच्याच पुढच्या पृष्ठभागाशी असतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड सहज पाझरून मेंदूभोवतीच्या पाण्यात जातो, तिथे त्याचं आम्ल होतं, आणि त्या आम्लाची चव या पेशी घेत बसलेल्या असतात. कार्बन डायऑक्साइडला मिळणाऱ्या प्रतिसादापैकी बहुतांश, साधारण तीन चतुर्थांश, यांच्यामुळे असतो. दुसरे पहारेकरी मानेत आहेत. जबड्याच्या कोनाखाली बोट ठेवलं की जी नाडी लागते, ती धमनी जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते, कॅरॉटिड बॉडी. वजन काही मिलिग्रॅम, पण तिच्यातून वाहणारं रक्त वजनाच्या मानाने प्रचंड. शरीरात ऑक्सिजनची उणीव ओळखून श्वास वाढवणारी मुख्य जागा हीच. स्पेनच्या दे कास्त्रोने तिची सूक्ष्म रचना पाहून हा रक्ताची चव घेणारा अवयव असावा असं म्हटलं, आणि बेल्जियमच्या हेमान्सने ते प्रयोगाने सिद्ध केलं. १९३८ चं नोबेल त्याला मिळालं. दे कास्त्रोलाही वाटा मिळायला हवा होता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

यावर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळे दरवर्षी माणसं दगावतात. कॅरॉटिड बॉडी बघते ती ऑक्सिजनचा दाब, साठा नव्हे. गॅस गीझर लावलेल्या कोंदट न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साचतो. तो हिमोग्लोबिनला चिकटून बसतो, ऑक्सिजनला जागाच उरत नाही. पण रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब जसाच्या तसा राहतो, आणि कार्बन डायऑक्साइड तर नेहमीसारखा बाहेर पडतच असतो. दोन्ही पहारेकरी म्हणतात, सगळं ठीक आहे. माणसाला दम लागत नाही, गुदमरत नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि तो खाली बसतो तो उठतच नाही. बोटाचं साधं मीटरही फसतं. त्याला मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवालंच वाटतं आणि ते ९८ दाखवतं. न्हाणीघराला बाहेर उघडणारी हवेची जागा नसेल तर गॅस गीझर तिथे नको. मी घरोघरी जाऊन हे सांगायला तयार आहे.

आता यातलाच दुसरा एक समज. श्वास रोखला की जीव कासावीस होतो, तो ऑक्सिजन संपल्यामुळे का? नाही. छाती भरून श्वास घेऊन रोखलात, तर निरोगी माणूस ज्या क्षणाला हार मानतो, तेव्हा त्याच्या रक्तात ऑक्सिजन बहुधा अजून पुरेसा असतो. कार्बन डायऑक्साइड पन्नासच्या आसपास गेलेला असतो, तो टोचत असतो. आणि दुसरंही एक कारण असतं, छाती हलत नसल्याचं. १९५४ मध्ये फाउलरने एक सुंदर प्रयोग केला. श्वास रोखून अगदी असह्य झालेल्या माणसांना त्याने पिशवीतून काही श्वास घेऊ दिले, पण त्या पिशवीत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त अशी खराब हवा होती. रक्तात सुधारणा शून्य, उलट बिघाडच. तरी त्या माणसांना हायसं वाटलं आणि ते पुन्हा काही वेळ श्वास रोखू शकले. फुप्फुसं ताणली गेली, छाती हलली, एवढ्यानेच मेंदूची निम्मी तक्रार मिटली. म्हणून गुदमरणं ही भावना रक्त तपासून काढलेला रिपोर्ट नसते. तिच्यावर आंधळा विश्वास टाकू नका.

गावाकडच्या विहिरीत पोहणाऱ्या पोरांचा एक खेळ असतो: कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो. त्यातलं कुणीतरी शिकवतं, बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस श्वास घे, मग जास्त टिकशील. टिकतो खरा. पण का? भराभर श्वासाने ऑक्सिजन जवळजवळ वाढत नाही, कारण रक्त आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. ४० वरून पंचवीस-वीसवर येतो. आता पाण्याखाली तो पुन्हा धोक्याच्या घंटेपर्यंत चढायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ऑक्सिजन मेंदू चालेनासा होईल इतका खाली येऊन गेलेला असतो. घंटा वाजायच्या आधीच पोरगं बेशुद्ध. धडपड नाही, हात वर करणं नाही, पोहता येत असलेलं पोर शांतपणे तळाला जातं. काठावरच्यांना वाटतं, अजून जिंकतोय. तुमच्या घरातलं कुणी पोहत असेल तर आजच सांगा: बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, आणि पाण्याखाली दम धरायची पैज लावायची नाही.

ऑक्सिजनची उणीव एकटी आली, धूर न साठता आली, तर ती त्रास देत नाही, गोड बोलून घेऊन जाते. १८७५ च्या एप्रिलमध्ये झेनिथ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच शास्त्रज्ञ आठ हजार मीटरच्या वर गेले. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, नळ्या हाताशी होत्या. नळी उचलायची गरजच त्यांना वेळेवर भासली नाही, आणि भासली तेव्हा हात उचलेना. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल तिथेच गेले. तिसंदिए वाचला. गुदमरल्यासारखं काहीच वाटलं नाही, उलट आनंदच वाटत होता, असं त्याने नंतर लिहून ठेवलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्ही हेच पाहिलं. मीटरवर ७५, आणि पेशंट फोनवर घरच्यांशी गप्पा मारतोय. त्याची फुप्फुसं ऑक्सिजन घेत नव्हती, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत होती. धूर नव्हता, म्हणून डोळे चुरचुरत नव्हते.

जुन्या विहिरीत, सेप्टिक टाकीत किंवा मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो, त्याच्यामागे असंच कारण असतं. ऑक्सिजन नसलेल्या हवेचे दोन-चार श्वास घेतले की रक्तातला आहे तो ऑक्सिजनही उलट बाहेर जातो. त्यात सल्फाइडसारखे विषारी वायू असतील तर तेवढाही वेळ मिळत नाही. दोर बांधून कंदील सोडायची जुनी पद्धत आहे, पण कंदील विझला नाही म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही. मोनॉक्साइडने कंदील विझत नाही. विहिरीत डिझेल इंजिन चालवलं असेल तर तिथे नेमका तोच वायू भरलेला असतो. आणि तळाशी पेट घेणारा वायू असला तर कंदीलच घात करतो. आतल्याला वाचवायला तसंच खाली उतरू नका. हे लिहिताना हात जड होतो, कारण अशा जोडीतल्या दुसऱ्या माणसाला मी टेबलावर पाहिलं आहे. तो पहिल्याचा भाऊ होता.

आता तुमच्या बाबांकडे येते.

सीओपीडीत वायुकोश झिजतात, नळ्या अरुंद होतात, हवा आत गेलेली पूर्ण बाहेर येत नाही. काही पेशंटांमध्ये, सगळ्यांमध्ये नव्हे, कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं थोडा थोडा साठत जातो. ४० चे ५०, ५० चे ६०. एवढा साठा तुम्हाला-मला एकदम झाला तर आपण तडफडू. पण हळूहळू झाला की मूत्रपिंडं रक्तात बायकार्बोनेट राखून आम्ल मारतात, मेंदूभोवतीच्या पाण्यातही तेच होतं. आम्लाची चव घेणाऱ्या पेशींना मग साठचा कार्बन डायऑक्साइडही चाळीससारखा लागतो. सतत धुरात राहणाऱ्याचे डोळे चुरचुरायचे थांबावेत, तसं. अशा माणसाच्या श्वासामागे मानेतल्या ऑक्सिजनच्या पहारेकऱ्याचं बळ एरवीपेक्षा जास्त असतं. त्याला भरपूर ऑक्सिजन दिला की तो पहारेकरी निर्धास्त होतो आणि श्वास थोडा मंदावतो.

बरीच वर्षं वैद्यकीय पुस्तकांत एवढंच कारण शिकवलं जायचं. ते अपुरं आहे, आणि त्यातून एक घातक समज पसरला, की सीओपीडीवाल्याला ऑक्सिजन दिला की श्वास बंद पडतो. त्या भीतीने ऑक्सिजन न देता ठेवलेले पेशंटही मी पाहिले आहेत. मोठं कारण फुप्फुसातच आहे. फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या स्वतःहून आकसतात आणि रक्त चांगल्या कोपऱ्याकडे वळवतात. फार शहाणी व्यवस्था आहे ही. नुसत्या जास्त ऑक्सिजनने त्या बंद केलेल्या वाटा उघडतात. रक्त निकामी कोपऱ्यांत जाऊ लागतं, तिथे त्याला ऑक्सिजन थोडा मिळतो, पण कार्बन डायऑक्साइड टाकायला हवा खेळतच नसते. तो घेऊनच रक्त परत येतं. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहतं, तो सोडून देतं. हाही हाल्डेनच्याच नावाने ओळखला जाणारा परिणाम. निरोगी माणूस यावर दोन श्वास जास्त घेऊन मोकळा होतो. तुमच्या बाबांच्या छातीत ती उसनी ताकद नाही.

त्या रात्री नेमकं हेच झालं असणार. ५ लीटरवर ऑक्सिजन ९८ झाला, आणि कार्बन डायऑक्साइड तासातासाने चढत गेला. फार वाढलेला कार्बन डायऑक्साइड श्वास वाढवण्याऐवजी मेंदूला गुंगी आणतो. बाबांची शांत झोप ही झोप नव्हती, गुंगीच होती. सकाळचं डोकं दुखणं, बरळणं, पुढे धरलेले हात पंखासारखे फडफडणं, ही त्याची खूण. मीटरने सगळं ठीक सांगितलं, कारण मीटर फक्त ऑक्सिजन मोजतं. कार्बन डायऑक्साइड किती साठला, हे त्याला कधीच कळत नाही. ते कळायला धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणी लागते. बायपॅपने सुधारले, कारण त्या मशीनने दाबाने हवा आत-बाहेर करून धूर बाहेर काढला.

८८ ते ९२ हा आकडा यासाठीच आहे. तेवढ्यावर मेंदू, हृदय, मूत्रपिंडं नीट चालतात, आणि या वाटाही उघडत नाहीत. मात्र हा आकडा शेजारच्या काकूंना न्यूमोनिया झाला तर त्यांना लावू नका. सीओपीडी किंवा तसा दुसरा आजार नसलेल्या पेशंटला आम्ही ९४ ते ९८ धरतो. आणि अशी गुंगी पुन्हा कधी दिसली तर घाबरून नळी एकदम काढूनही टाकू नका. साठलेला कार्बन डायऑक्साइड लगेच जात नाही, ऑक्सिजन मात्र मिनिटांत पहिल्यापेक्षाही खाली कोसळतो. पुन्हा ठरलेल्या १ लीटरवर आणायचं, उशाला उंची देऊन बसवायचं आणि दवाखाना गाठायचा.

श्वास जोरात चालला म्हणजे छातीचंच दुखणं, असंही धरू नका. मधुमेह हाताबाहेर गेलेला पेशंट खोल, जोरकस, न थांबणारे श्वास घेत असतो. रक्तात आम्ल वाढलेलं असतं आणि मेंदू कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून ते आम्ल कमी करू पाहतो. कुसमाऊल या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये हे वर्णन केलं. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, छातीला स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसं स्वच्छ. दमा समजून वाफ देत बसतात आणि तास जातात. अशा वेळी आधी साखर तपासा. उलट बाजूला घाबरून भराभर श्वास घेणारी मुलगी असते: कार्बन डायऑक्साइड कमी होऊन ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात, बोटं आखडतात, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून चक्कर येते. भस्त्रिका नको तितक्या जोरात केल्यावर येणारी चक्कर याच जातीची. तोंडाला कागदी पिशवी लावायचा उपाय मात्र सोडून द्या. तिला खरंच फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती पिशवी जीव घेईल. जवळ बसून हळू, लांब उच्छ्वास करायला सांगणं पुरतं, आणि पहिल्यांदाच घडत असेल तर डॉक्टरांना दाखवणं.

श्वासावर आपली थोडी सत्ता आहे ती मेंदूच्या वरच्या थरामुळे. बोलताना, गाताना, प्राणायाम करताना तो थर खालच्या तबलजीला बाजूला सारून थेट श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या, मज्जातंतूंना आज्ञा देतो. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी हे सगळं प्रयोगशाळेत तपासायला घेतलं, याचं मला कायम कौतुक वाटत आलं आहे. या दोन वाटा किती वेगळ्या आहेत, ते ऑपरेशननंतरच्या खोलीत रोज दिसतं. मॉर्फिन किंवा फेंटानिल ही अफूच्या जातीची दुखण्याची औषधं थोडी जास्त झालेले काका मिनिटाला पाचच श्वास घेत असतात. "काका, श्वास घ्या" म्हटलं की ते छान मोठा श्वास घेतात, हसतातही. आपण गप्प झालो की विसरतात. वरचा थर जागा आहे, खालचा तबलजी पेंगतोय. विचारलं तर म्हणतात, काही त्रास नाही. तुमच्या बाबांसाठी यातलं महत्त्वाचं हे, की झोपेच्या गोळ्या आणि अफूच्या जातीची दुखण्याची किंवा खोकल्याची औषधं त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. झोपेत वरचा थर आपोआपच बाजूला होतो, निरोगी माणसाचाही कार्बन डायऑक्साइड रात्री काही मिलिमीटर वाढतो. बाबांच्या तबलजीला रात्री कुणाची साथ नसते.

आज्ञा नीट सुटली तरी ती पोचायला हवी, हा आणखी वेगळा भाग. मण्यार चावलेल्या माणसाचं श्वसनकेंद्र ठणठणीत असतं, पण मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला सांधा विषाने तुटलेला असतो. पापण्या जड झाल्या की श्वासपटलाची पाळी जवळ आली म्हणून समजायचं. तिथे आम्ही पेशंटला एका श्वासात आकडे मोजायला लावतो. तासापूर्वी २५ पर्यंत मोजणारा आता १२ वर थांबला, तर मीटर ९७ दाखवत असलं तरी आम्ही श्वासनळीत नळी घालायची तयारी करतो.

मेंदूमृत्यूची खात्री करतानाही आम्ही शेवटचा प्रश्न कार्बन डायऑक्साइडच्याच तोंडून विचारतो. पेशंटला भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काढायचा, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवायचा, आणि छाती-पोटाकडे बघत उभं राहायचं. कार्बन डायऑक्साइड ६० पर्यंत चढू द्यायचा. त्याहून मोठी हाक मस्तिष्कपुच्छाला देता येत नाही. आठ-दहा मिनिटं खोलीत कुणी बोलत नाही. मी अशा अनेक चाचण्यांना उभी राहिले आहे, आणि दर वेळी, वैद्यकीय कारण काहीही असो, बरगड्यांखालच्या त्या बारीक उचलीची वाट बघत राहते.

बाबांसाठी आता एवढं करा. मशीनच्या काट्यावर १ लीटरच्या खुणेशी पट्टी चिकटवा, म्हणजे घाईत कुणी फिरवणार नाही. मीटर ८७-८६ दाखवेल तेव्हा आधी बोट गरम आहे ना, नळी वाकली नाही ना, नाकातून निसटली नाही ना, ते पाहा, बाबांना पुढे झुकवून बसवा, पंप द्या, आणि मीटर दहा मिनिटांनी पुन्हा लावा. तरी ८८ च्या खालीच राहिलं तर डॉक्टरांना फोन करा. अर्धा लीटर वाढवायचा की नाही, ते त्यांना ठरवू द्या. पुढच्या भेटीत त्यांना एबीजीबद्दल विचारा आणि घरी बायपॅप लागेल का, तेही. आणि रोज रात्री मीटरसोबत श्वासही मोजा, पूर्ण एक मिनिट, पोटावर हात न ठेवता, त्यांना न सांगता. कारण कुणी मोजतंय हे कळलं की वरचा थर लगेच मध्ये पडतो. त्यांचा नेहमीचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो एकदम आठ-नऊवर आला, किंवा तीसच्या वर गेला, किंवा हाक मारल्यावर ते नेहमीसारखे "काय रे?" म्हणाले नाहीत, तर मीटर काहीही म्हणो, गाडी काढा.